पाठ कोंबड्यांकडे, तोंड आत्याकडे

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुम्ही मान वर करता. माझ्यासाठी ती तसदी घेऊ नका. मी छताला कधी लटकलोच नाही. मी कोंबड्यांच्या शेडच्या भिंतीत बसवलेला, माणसाएवढा उंच, आतली हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा. आता जुना झालोय आणि जनरेटरच्या खोलीमागे भिंतीला टेकून उभा असतो. रिकामपण भरपूर आहे, म्हणून तुम्हाला माझी हकीगत सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईचं काम आम्हाला तपासण्याचं होतं. मला सुरू करून तिने माझ्या जाळीमागे एक कागद धरला आणि सोडून दिला. कागद खाली न पडता जाळीला चिकटून फडफडत राहिला. तिने मान डोलावली. माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी ती.

मला विकत घेणाऱ्या मालकिणीला सगळे ताई म्हणत. ती नुकतीच शिकून घरी परतली होती. तिच्या वडिलांच्या अंगणात पूर्वी मोकळ्या कोंबड्या असत. उकिरडा उकरायच्या, धुळीत लोळायच्या, तिन्हीसांजेला झाडावर चढून बसायच्या. मग कुठूनसा रोग आला आणि बघता बघता अंगण ओस पडलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते की उघड्यावरच्या कोंबडीकडे वाऱ्यावरचा प्रत्येक रोग न बोलावता पाहुणा येतो. वडिलांनी तेव्हा हाय खाल्ली. ताईने मात्र ती गोष्ट मनात धरली, आणि म्हणून तिने चारी बाजूंनी बंद अशी शेड उभारली.

शेडला खिडकी नव्हती. एका टोकाला पाण्याने भिजत राहणाऱ्या जाड जाळ्या होत्या, दुसऱ्या टोकाला मी आणि माझी भावंडं. आम्ही हवा ओढायचो, ती त्या ओल्या जाळ्यांतून गार होऊन आत यायची आणि कोंबड्यांच्या अंगावरून फिरून आमच्यातून बाहेर पडायची. बाजूच्या भिंती जाड ताडपत्रीच्या होत्या. खरं तर त्या गरजेला खाली सोडता येत. पण फटींतून हवा गळते असं दिसल्यावर त्यांच्यावर लाकडी पट्ट्या ठोकून त्या कायमच्या बंद केल्या गेल्या.

माझी पाठ कोंबड्यांकडे होती. त्या एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत असत. प्रत्येकीच्या वाट्याला तुमच्या उघड्या वहीएवढी जागा. पंख पसरायचा म्हटलं तर शेजारणीच्या अंगावर जायचा. तिथे ना मुंगूस यायचं, ना घार, ना रोग. दाणा वेळेवर मिळायचा, पाणी चोचीशी असायचं. अंडं घातलं की ते आपलं आपण घरंगळत पुढच्या पन्हळीत जायचं. एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. कधी कधी एखादी कोंबडी मध्येच बसायची आणि तारेच्या जाळीवर अंग घुसळून धुळीत लोळल्यासारखं करायची. धूळ तर तिथे नव्हतीच. त्यातल्या एकीनेही ती जन्मात पाहिलेली नव्हती.

अंडी जात एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात. तिथली मुख्य स्वयंपाकीण एकदा शेड बघायला आली. पूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलं तरच रोग्याला अंडं मिळायचं, आता रोज सकाळी प्रत्येकाच्या ताटात पडतं, असं तिने सांगितलं. ते ऐकून ताईच्या वडिलांचा ऊर भरून आला. आपल्या अंगणातल्या कोंबड्यांनी एवढ्या आजाऱ्यांना कधी पोसलं असतं, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

आणि माझं तोंड होतं आत्याच्या घराकडे. आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची थोरली बहीण. शिवणकामावर पोट भरणारी, एकटी. तिचं घर आमच्या कितीतरी आधीपासून तिथे होतं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे असं ती शिवायची, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर मी दिवसभर पिसांचा भुगा आणि उग्र वास फेकायचो. गिऱ्हाइकं आधी थट्टा करायची की तुमच्या अभ्र्यात पिसं फुकट मिळतात. मग ती दुसरीकडे जाऊ लागली. आत्याने खिडक्या लावून घेतल्या आणि ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत मशीन चालवू लागली.

तिने भाचीला सांगून पाहिलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये झाडं लावू म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की. ते पुढचं वर्ष पुढेच राहिलं. दोघींमधलं बोलणं कमी होत होत बंद पडलं. वडिलांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. ते बहिणीकडे जायचे, ओट्यावर बसायचे आणि चहा पिऊन परत यायचे.

मग एका कडक उन्हाच्या दुपारी वीज गेली. तसं व्हायचं कधी कधी, आणि लगेच जनरेटर सुरू व्हायचा. त्या दिवशी त्याने नुसता कट्ट असा आवाज केला. त्याची बॅटरी बसली होती. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर ती तपासायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी पाती स्वतःच्या वजनाने थोडी फिरली आणि थांबली. ताई टेम्पोची बॅटरी काढायला धावली.

आमची घरघर थांबली तसे आत्याचे मशीनवरचे पायही थांबले. वर्षानुवर्षं तिने त्या आवाजाला नावं ठेवली होती. ती दार उघडून बाहेर आली, हातात कात्री तशीच. तिचा भाऊ, म्हणजे ताईचे वडील, शेडजवळ कावराबावरा उभा होता. पंखे का थांबले, एवढंच तिने विचारलं. तो सांगत असतानाच तिने ताडपत्रीत कात्री खुपसली आणि टरकन फाडत खाली आणली. तिचं बघून भाऊही दाण्याची पोती फाडायचा सुरा घेऊन आला. बहीणभाऊ एका टोकापासून भिंत फाडत निघाले.

आत कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. ज्यांना जागा होती त्यांनी पंख अंगापासून दूर धरले होते. बाकीच्यांना तेही करता येत नव्हतं. फाटलेल्या कापडातून वारा शिरला तशा खालच्या, कडेच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्या तगल्या. पण गरम हवा वर चढते. वरच्या रांगेत हळूहळू सगळं शांत होत गेलं. जनरेटर सुरू झाला, मी पुन्हा फिरू लागलो, तेव्हा त्या रांगेत हवा घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत खड्डा खणून त्यावर चुना पसरून झाला. ताई अंड्यांच्या उपड्या क्रेटवर बसून होती. आत्या तांब्याभर पाणी घेऊन आली.

"तुझे पंखे बंद पडावेत असं मला रोज वाटायचं," आत्या म्हणाली. "पण असे नव्हे गं."

ताईने पाणी घेतलं, पण प्यायली नाही. "मी तुझ्या धंद्याचं वाटोळं केलं, आणि तूच धावत आलीस."

"कोंबड्यांनी माझं काय केलं होतं?"

त्यानंतर घरात बरीच चर्चा झाली. वडील म्हणाले, पुन्हा अंगणातच कोंबड्या पाळू. ताई म्हणाली, त्यात आपली गल्ली जेवेल, दवाखाना नाही. आणि रोग आला तर? दोघांचंही खरं होतं. शेवटी तिने पिंजऱ्यांची वरची रांग काढून टाकली, कोंबड्या कमी केल्या, बाकीच्यांना बसायला दांड्या आणि लोळायला मातीचे ट्रे दिले. ताडपत्री दोरी सोडताच खाली येईल अशी केली. आणि पंख्यांची जागा दुसऱ्या टोकाला, मोकळ्या माळाच्या बाजूला नेली; ओल्या जाळ्या आमच्या जागी आल्या. तिकडे नवे, कमी आवाजाचे पंखे बसले. मी निवृत्त झालो.

अंडी अर्थातच महागली. दवाखान्याची स्वयंपाकीण पुन्हा आली. रागावली नाही, पण आता रोज परवडणार नाही, एक दिवसाआड देऊ, म्हणाली. ताई म्हणाली की तिला याची कल्पना होती. आत्याच्या खिडक्या उघडल्या. काही गिऱ्हाइकं परत आली, काही आलीच नाहीत.

तेव्हा मित्रांनो, बंद शेड चांगली की वाईट, हे मला विचारू नका. मी हवा ओढणारं यंत्र, निवाडा करणं माझं काम नव्हे. मी पाहिलं ते इतकंच, की ज्या जिवाला दार उघडता येत नाही, त्याचा श्वास दार लावणाऱ्याच्या हातात असतो. मोठेपणी तुम्ही असं एखादं दार लावलंत, तर बॅटरी त्याच दिवशी तपासा. शेजारच्या खिडक्या उघड्या आहेत ना, तेही एकदा बघा.

आणि तोवर ताटात अंडं आलं तर खुशाल खा. अर्धं टाकून मात्र उठू नका.