टायगरचे पाय

कल्पेशने उल्हासनगरच्या बाजारातून डॉबरमनचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पाय बाद में बढ़ते हैं, साहब." सहा महिन्यांत टायगर नुसता लांब होत गेला. उंची जैसे थे.

लशीच्या वेळी अंबरनाथच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हा डॅशहुंड आहे. पाय एवढेच राहणार. पाठ जपा, उड्या नकोत, वजन वाढू देऊ नका." पण कल्पेश, माझा नवरा, सोफे बनवतो, त्याला लाकडाशिवाय कोणाचं पटत नाही. दर रविवारी टेप लावून तो टायगरचे पाय मोजायचा. वर व्यायाम म्हणून बिस्किट दाखवून सोफ्यावर उड्या मारायला लावायचा. मी हसायचे, थांबवलं नाही. ती चूक माझी.

एका रविवारी टायगर सोफ्यावरून उतरताना किंचाळला. मागचे दोन्ही पाय फरपटू लागले.

डॉक्टरबाईंनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं, तशी त्याने मान वळवली. "जाणीव आहे," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे पिंजरा आणि औषध. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे. तरी खात्री देत नाही."

पहिल्या मजल्यावरचे विष्णुपंत म्हणाले, "जनावरच ते. सोडून द्या कुठेतरी."

"काका, तुमचा गुडघा गेला तेव्हा काकूंनी तुम्हाला सोडलं का?" मी विचारलं. ते आत गेले.

कल्पेशने उरलेल्या प्लायचा पिंजरा ठोकला आणि त्याच्यापुढे डोळे पुसत बसला. "रडायचं नंतर," मी म्हटलं, "आधी त्याला खाली ने." आमची बिल्डिंग विठ्ठलवाडीची, मजला तिसरा, लिफ्ट नाही. दिवसातून पाच वेळा आम्ही त्याला दोन हातांवर उतरवायचो आणि पोटाखालून माझी ओढणी घालून मागचा भाग तोलून धरायचो. जेवण मोजून एक वाटी. आणखी हवं म्हणून तो पिंजऱ्यातून भुंकायचा, आणि आवाज मात्र खरोखर डॉबरमनचा. ही जात हट्टी म्हणतात. मी त्याच्याहून हट्टी निघाले.

चार आठवडे काहीच झालं नाही. मला भीती वाटत होती, पण घरात कोणाला सांगितली नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी पाण्याच्या टाकीपाशी ओढणी हातात सैल पडली. टायगर आपल्या पायांवर उभा होता. थरथरत दोन पावलं टाकून तो उंदराच्या बिळाशी गेला आणि नाक खुपसून गुरगुरला. मला तिथेच रडू फुटलं.

"पाय फुटले गं याला," कल्पेश म्हणाला. तान्ह्या पोराबद्दल म्हणतात तसं.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या संध्याकाळी त्याने पुन्हा टेप काढली. माझं डोकंच फिरलं. "खबरदार, त्याच्या पायांना टेप लावलीस तर!"

कल्पेश टायगरला ओलांडून पुढे गेला आणि खाली बसून सोफ्याचे पाय मोजले. मग करवत घेतली.