बारक्याची आग

आमचा बारक्या आता बारीक राहिलेला नाही. तो बसला की आधी खुर्ची उसासा टाकते. पण घरातलं नाव एकदा चिकटलं की चिकटलं. विद्यापीठात तो सगळ्यांचा 'सर' असेल, मी त्याची मोठी बहीण आहे, मला तो बारक्याच.

समुपदेशनाचं मानसशास्त्र शिकवण्यात त्याचा जन्म गेला. माणसावर मोठा आघात झाला तर त्याला पुन्हा उभं कसं करायचं हा त्याचा एक विषय. तो माणूस आपल्याहून वेगळ्या भाषेचा, वेगळ्या चालीरीतींचा असेल तर त्याच्यासमोर कसं बसायचं हा दुसरा. या दुसऱ्या विषयापायी तो देशोदेशी परिषदांना गेला आणि प्रत्येक ठिकाणाहून एक शाल घेऊन आला. त्या शाली त्याच्या विद्यापीठातल्या खोलीत खुंट्यांना टांगलेल्या असतात. कुठली शाल कुठल्या लोकांची, हे आता त्यालाही सांगता येत नाही. पण नवे विद्यार्थी आले की तो तिकडे हात करतो आणि हळू आवाजात म्हणतो, "ही सगळी माणसं माझ्याशी बोललीत." बोलली असतील. याने ऐकलं का, ते शालींना विचारायला हवं.

काम मात्र तो मन लावून करतो, हे कबूल करायला हवं. त्यांच्या धंद्यात सगळ्याची एक पद्धत असते. खुर्च्या तिरप्या मांडायच्या. समोरासमोर मांडल्या तर पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं. कागदी रुमालांचा डबा येणाऱ्याच्या हाताशी ठेवायचा, पण आपण होऊन त्याच्याकडे सरकवायचा नाही. सरकवला की त्याचा अर्थ, आता पुरे झालं तुझं रडगाणं. समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. जो आधी तोंड उघडेल तो कच्चा. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे दुःख सांगणाऱ्यावर कधी शंका घ्यायची नाही. 'हे खरंच झालं का?' हा प्रश्न त्यांच्यात शिवीसारखा आहे.

या वरच्या नियमावर बारक्याने इमारत बांधली, हे मला फार उशिरा कळलं. मी दुसऱ्या गावात बाबांचा सोफे बनवायचा कारखाना चालवत होते. गुडघे बोलायला लागले तेव्हा तो बंद केला आणि बारक्याच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले. त्याच वर्षी विद्यापीठात आघातातून सावरणाऱ्यांसाठी नवं केंद्र निघायचं होतं, आणि त्याचा संचालक आमचा बारक्या. उद्घाटनाच्या आधी त्याचं एक खुलं व्याख्यान होतं. भावजय म्हणाली, "ताई, एकदा तरी ऐका की हो तुमच्या भावाला." मी चांगलं लुगडं नेसले आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

बारक्या बोलायला उभा राहिला. आधी पाणी प्यायला. मग बाही दुमडून मनगटावरचा डाग दाखवला. तो डाग मी ओळखते. लहानपणी मामाकडे असताना याने कागदाची होडी सरळ करायला गरम इस्त्रीखाली घातली होती, त्याची ती खूण.

तो म्हणाला, "मी पहिलीत होतो. खाली वडिलांचा कारखाना, वर आम्ही. जिन्यात धूर भरला होता. मी माझ्या बहिणीचा हात धरला आणि तिला खाली आणलं."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणाची बहीण म्हणतोय हा, असं वाटलं.

"खाली आलो," तो पुढे म्हणाला, "तर वडील आमच्याआधीच रस्त्यावर उभे होते. आम्हाला वर सोडून ते निघून आले होते." मग तो बराच वेळ थांबला. हे थांबणंही पाठ केलेलं होतं, कारण पुढच्या रांगेतले लोक त्याच्याआधीच रुमाल शोधायला लागले. "आणि मी त्यांना माफ केलं," बारक्या म्हणाला.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदका दिला. मी तिचं डोकं तसंच राहू दिलं.

झालं होतं ते असं. आग लागली तेव्हा बारक्याला नुकताच गोवर येऊन गेला होता आणि हवापालटासाठी तो मामाच्या गावी होता. आई बाहेर गेली होती. वर मी एकटी. बाबा खाली काम करत होते, म्हणून ते रस्त्यावर आधी पोचले, एवढं मात्र खरं. पण तिथून ते ओलं पोतं डोक्यावर घेऊन परत आत शिरले. लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरत वर आले, आणि मला पाठुंगळी घेऊन त्याच पेटत्या कठड्याला धरून खाली उतरले. त्यानंतर त्यांच्या मुठी कधी मिटल्या नाहीत. जेवणाचा घासही आई भरवायची. त्यांना हातोडी धरता येईना म्हणून ती मी धरली, आणि माझी शाळा तिथेच संपली. बारक्या आला तो सगळं विझल्यावर, नवे बूट घालून, आणि आपली लाकडी गाडी जळाली म्हणून भोकाड पसरून रडला. त्याच्या आगीत जळालं ते एवढंच.

आग त्याने घेतली, त्याचं मला फार वाटलं नाही. ती मिरवायची हौस मला कधीच नव्हती. पण बाबांना माफ केलं? मामाच्या घरी बसून?

व्याख्यान संपल्यावर मी त्याच्या खोलीत गेले. तिथे त्याची सहकारी होती, बॉबकटवाल्या बाई. त्यांनी मला पाहून दोन्ही हात छातीशी धरले आणि आम्हा भावंडांना एकांत दिला. मी शालींखाली बसले आणि बारक्याला सरळ विचारलं, तू कुठे होतास रे त्या दिवशी?

बारक्या चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची थोडी तिरपी केली, मान कलती केली आणि म्हणाला, "ताई, आठवण ही प्रत्येकाची वेगळी असते. तुझं एक सत्य आहे, माझं एक सत्य आहे."

मी म्हटलं, "मामाचं तिसरं आहे. ते काय करायचं?"

तो शांतपणे म्हणाला, "हे बोलताना तुला शरीरात कुठे काही जाणवतंय का?"

"गुडघ्यात," मी म्हटलं. "तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे."

मग जरा माणसासारखा बोलला. म्हणाला, सुरुवातीला तो माझीच गोष्ट सांगायचा, 'माझ्या बहिणीच्या बाबतीत असं झालं' म्हणून. कोणी फारसं ऐकायचं नाही. एकदा चुकून 'आम्ही' म्हणाला, तर वर्ग एकदम ताठ झाला. पुढे 'आम्ही'चं 'मी' झालं. आणि स्वतः सोसलेल्या माणसाला त्या विषयात जो मान असतो, तो नुसत्या शिकलेल्याला नसतो. बाबांना त्याने पळवलं ते आपल्या पुस्तकासाठी. सावरण्याची त्याची जी पद्धत आहे, तिची शेवटची पायरी म्हणजे सोडून गेलेल्याला माफ करणं. आता माफ करायचं तर कोणीतरी सोडून जायला हवं. आणि ही पायरी दुसऱ्या विद्यापीठांतही शिकवतात म्हणे.

मी सांगितलं, "आग तुला राहू दे. पण बाबांचं वाक्य परत घे. चार लोकांत बोललास, चार लोकांत परत घे."

"ताई, सगळं कोसळेल," तो म्हणाला.

"बाबा नाही कोसळले," मी म्हटलं आणि उठले.

घरी भावजयीने मला समजावलं. उद्घाटन तोंडावर आलंय, बाबा तर आता नाहीत, त्यांना काय कळणार आहे. मी म्हटलं, मला कळतंय ना. तिने नाक मुरडलं आणि गॅस बारीक केला.

खरी गंमत बॉबकटवाल्या बाईंनी केली. त्यांना कुठून सुचलं देव जाणे, त्यांनी उद्घाटनाला व्यासपीठावर आम्हा भावंडांचा संवाद ठेवला. बारक्याला घाम फुटला, पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी लगेच हो म्हटलं. आदल्या संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू फक्त एवढंच म्हण, की मला नीटसं आठवत नाही."

"मला आठवतं."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर दोन तिरप्या खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. बॉबकटवाल्या बाई बाजूला माईक घेऊन. त्यांनी मला विचारलं, त्या जिन्यात भावाचा हात हातात आला तेव्हा काय वाटलं?

मी म्हटलं, त्याचा हात नव्हता. तो तिथे नव्हताच. तो मामाच्या गावी होता. मला बाबांनी बाहेर काढलं, आणि त्यात त्यांचे दोन्ही हात गेले.

मला वाटलं, झालं. आता कोणीतरी उठेल आणि बारक्याला विचारेल, सर, हे खरं आहे का?

पण विचारणार कसं? तोच तर त्यांचा वर्ज्य प्रश्न.

बॉबकटवाल्या बाईंनी डोळे पुसले आणि माईकमध्ये हळूच म्हणाल्या, "पाहिलंत? यांनी आपल्या लहानग्या भावाला त्या आगीच्या बाहेर ठेवलंय. दूर, सुरक्षित, मामाच्या घरी. मन असं राखतं आपल्या माणसांना."

लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतला एक दाढीवाला तर भरभर लिहायला लागला. मी म्हटलं, अहो, मन नाही, आईने ठेवला होता, गोवर झाला होता त्याला. त्यावर आणखी माना डोलल्या. एका मुलीने पुटपुटत शेजारणीला सांगितलं, बघ किती तपशील रचलाय. मी जितकं सांगावं तितकी त्यांची दया वाढत गेली. खरं सांगून माणूस इतका एकटा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. आणि बारक्या? त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. त्याने माझा हातसुद्धा थोपटला.

त्याचा हात मी पाहिला. चांगला होता, गुबगुबीत. मूठ व्यवस्थित मिटत होती.

मग मी बोलायचं बंद केलं. हात मांडीवर ठेवले आणि नुसती त्याच्याकडे बघत बसले.

आधी सगळ्यांना ते आवडलं. शांततेचा मान राखायचा असतो, म्हणून कोणी खोकलंही नाही. बॉबकटवाल्या बाईंनी माईक खाली केला. बारक्याने मान कलती केली, जशी शिकवतो तशी. मी पापणी हलवली नाही. सोफ्याच्या शिवणीला बसलं की मी अर्धा दिवस न बोलता बसायचे, मला कसली घाई? त्याने मान दुसऱ्या बाजूला कलती केली. पाणी प्यायला. ग्लास ठेवताना टेबलावर वाजला. इतकी वर्षं तो पोराबाळांना शांतता पेलायला शिकवत होता. पण ती नेहमी परक्याची असायची, मोठ्या बहिणीची नाही. त्याची नजर माझ्या डोळ्यांवरून घसरून माझ्या घट्टे पडलेल्या हातांवर आली आणि तिथेच अडकली.

"बाबा परत आत गेले होते," बारक्या म्हणाला.

आवाज वेगळाच होता, बूट घालून रडत आला होता तेव्हाचा.

"ते सोडून गेले नाहीत. परत गेले होते, जिन्याने, वर. त्यांच्या मुठी..."

मी मान हलवली. माझं काम झालं होतं. मी वाट पाहिली, की आता 'मी तिथे नव्हतो' हेही येईल. पण तोवर सभागृह उभं राहिलं होतं. टाळ्या थांबेनात. बॉबकटवाल्या बाई रडत रडत सांगत होत्या, की इतक्या वर्षांनी दडलेली आठवण आपल्या डोळ्यांसमोर वर आली, सरांनी स्वतःवर आपली पद्धत सिद्ध केली. दाढीवाल्याच्या कागदाची पाठ भरली होती. बारक्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या उभ्या राहिलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि वाकून नमस्कार केला.

तर आता त्याच्या पद्धतीला माफीच्या वर आणखी एक पायरी आली आहे. सोडून गेलेला माणूस खरं तर परत आला होता का, हे आठवून पाहायचं. दुसऱ्या विद्यापीठांतूनही बोलावणी येतात. बाबा मात्र आता प्रत्येक व्याख्यानात जिना चढतात, आणि ते मला पुरतं. त्यांच्यामागे खोटा का होईना बारक्याही असतो, त्याला माझा इलाज नाही.

परवा सकाळी तो चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आला. त्याच्या घरात जिथे तिथे ते कागदी रुमालांचे डबे असतात, एक माझ्या उशाशीही आहे. तो पलंगाच्या कडेला बसला, तिरपा. म्हणाला, नवं पुस्तक घेतलंय लिहायला. मग जरा घुटमळून विचारलं, "ताई, बाबांनी डोक्यावर नक्की काय घेतलं होतं गं? चादर की पोतं?"

"तू होतास की तिथे," मी म्हटलं. "आठव."

त्याचे डोळे भरून आले. खरे की सवयीचे, ते आता त्यालाही सांगता यायचं नाही. बाबांबद्दल बोलायला लागला, धूर, जिना, तो लहान, ते पोलादासारखे.

मी उशाशी हात घातला आणि डबा त्याच्याकडे सरकवला.