चार नंबरच्या नळीचं शेपूट

तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. मी एक जुनी, अर्धी कापलेली नळी आहे. पाचूबंदरच्या एका कोळ्याच्या घरात, जाळी दुरुस्त करायच्या पत्र्याच्या डब्यात, नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंडाळीखाली मी पडून असते. लांबीला जेमतेम वीतभर. एका टोकाला निळ्या शाईत चारचा आकडा आहे आणि दुसरं टोक तिरकं कापलेलं आहे. माझं उरलेलं अंग हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशवीतून गेलं आणि जळून राख झालं. त्याचं मला दुःख नाही. आमच्या जातीच्या वस्तू एकाच माणसासाठी असतात आणि काम झालं की जाळूनच टाकतात. मी जळले नाही, आणि का जळले नाही हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म वालीवच्या एका गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या आणि आमच्या गाळ्यात आम्ही, माणसाच्या शरीरात जायच्या नळ्या. मला घडवलं जितेंद्र नावाच्या इंजिनियरने. तो मनवेलपाड्याला राहायचा आणि डबा उघडतानासुद्धा नळ्यांबद्दलच बोलायचा. मी किती लवचीक असावी, वळले तर चपटी होऊ नये, आतली वाट कशी गुळगुळीत राहावी, यासाठी त्याने कितीतरी नळ्या मोडून फेकल्या. माझ्या आतून एक तार जायची होती. त्या तारेच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा इरिडियम धातूचा तुकडा. त्यातून निघणारे किरण कॅन्सरला जाळतात. तार मशीनमधून निघते, माझ्यातून रोगाच्या जागी पोचते, थांबते, आणि परत जाते. माणसाच्या अंगात काही उरत नाही. आमचे लोक या सगळ्याला ‘आतून शेक देणं’ म्हणतात.

मशीनला पकडता यावं म्हणून जितेंद्रने मला लांब शेपूट ठेवलं. त्याच्या हाताखालची संपदा म्हणाली, “सर, शेपटावर ‘कापू नये’ असं लिहूया का?”

जितेंद्र हसला. “अगं, नळीचं शेपूट कोण कापणार? वेडा आहे का कोणी?”

शहाणी माणसं अशीच असतात, मित्रांनो. आपल्याला जे सुचत नाही ते कोणालाच सुचणार नाही, असं त्यांना वाटतं. शेपूट कोरंच राहिलं.

मग मी हॉस्पिटलात आले आणि मला रोझमेरी भेटली.

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव पुकारायची ती रोझमेरी. तिचा आवाज एवढा खणखणीत की लाटा मागे सरायच्या, असं लोक म्हणायचे. लाटा कशाला सरतील? पण गिऱ्हाईकं मात्र सरायची. “ए, घ्यायचा नाय तं पापलेटाला बोट नको लावू! तुजी बायकू हाय काय ती?” असं ती ओरडली की भलेभले पँटला हात पुसत मागे व्हायचे. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची तिची सवय. त्या मशेरीने तिला एक दिवस जिभेच्या कडेला गाठ दिली.

डॉक्टर म्हणाले होते, “जीभ काढूनच टाकायची तर सोपं आहे. जीभ ठेवून रोग घालवायचा, म्हणून हा सगळा खटाटोप.” रोझमेरीने लगेच हात जोडले होते. जीभ गेली तर ती किनाऱ्यावर कोण राहणार होती? एक म्हातारी होत चाललेली बाई, एवढंच.

आम्ही सहाजणी होतो. तिला भूल दिली, हनुवटीखालून पोलादी सुया खुपसल्या, त्या जिभेतून वर काढल्या आणि त्यांच्या वाटेने आम्हाला ओढून घेतलं. आम्ही सरकू नये म्हणून जिभेवर एक बटण, हनुवटीखाली एक बटण, आणि खाली लोंबती आमची शेपटं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिची जीभ तोंडात मावेना. लाळ गळत होती. ज्या बाईने आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही, ती आता फक्त ऐकू शकत होती. दिवसातून दोनदा तिला जाड भिंतींच्या खोलीत नेत. तिथे ज्ञानदा नावाची मुलगी एकेक शेपूट हातात धरून, माप घेऊन मशीनला जोडायची आणि म्हणायची, “मावशी, हलू नका हं. जीभ वाचवायची ना आपल्याला?” रोझमेरी डोळ्यांनी हो म्हणायची.

मी चौथी होते, तसा निळा आकडाही हॉस्पिटलात माझ्या शेपटाच्या टोकावर घातला होता. गाठीच्या बरोबर काठावरची जागा माझ्याकडे होती. मला त्याचा गर्व होता, आणि गर्वाचं काय होतं ते तुम्ही शाळेत शिकलाच असाल.

माझं शेपूट तिच्या मानेला टोचायचं. गाऊनच्या गळ्यात अडकायचं. ती बोटाने दाखवायची, कण्हायची. नर्स कापूस लावून जायची, तो कापूस लाळेने भिजून गळून पडायचा.

तिचा नवरा सॅन्टन दिवसभर स्टुलावर बसून असायचा. सॅन्टनचा हात जाळं विणण्यात सगळ्या बंदरात एक नंबर. कोळ्याची एक सवय असते. गाठ पक्की बसली की सुटलेलं शेपूट तो कापून टाकतो. ठेवलं तर त्यात काटेरी मासा अडकतो आणि जाळं फाटतं. सॅन्टन ते नेहमी तिरकं कापायचा. लोक जाळं बघून ओळखायचे, हा सॅन्टनचा हात. विचार करून करायची गोष्टच नव्हती ती. शेपूट दिसलं की बोटं आपोआप चाकूकडे जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाच्या गुंगीत रोझमेरीचा डोळा लागला. झोपेतही ती मान वळवायची आणि मी टोचले की कण्हायची. सॅन्टनने पाहिलं की हनुवटीखाली बटण घट्ट बसलेलं आहे. गाठ पक्की आहे. मग हे शेपूट कशाला? त्याने खिशातला लहान चाकू काढला, माझ्याखाली बोट धरलं आणि बटणाला लागून, तिरकं, एका झटक्यात मला कापलं. किती हलक्या हाताने! तिची पापणीसुद्धा हलली नाही. मला त्याने खिशात टाकलं आणि तिच्या मानेवरचा लाल व्रण अंगठ्याने चोळत बसला. खरं सांगते, मित्रांनो, त्या क्षणी त्याच्याइतकं प्रेमळ माणूस त्या वॉर्डात दुसरं नव्हतं.

संध्याकाळी ज्ञानदाने शेपटं हातात घेतली. एक, दोन, तीन. तिचा हात थांबला. तिने डॉक्टरांना बोलावलं. मशीनला पकडायला चार नंबरवर काही शिल्लकच नव्हतं. नवी नळी घालायची तर पुन्हा भूल, पुन्हा सुई, आणि जीभ तर सुजून तोंडाबाहेर आलेली. डॉक्टरांनी खूप वेळ फिल्मकडे पाहिलं आणि उरलेल्या पाच नळ्यांवरच शेक पुरा करायचं ठरवलं. “पण काठावरची जागा उपाशी राहील,” असं ते ज्ञानदाला हळूच म्हणाले. सॅन्टनने ते ऐकलं. मी त्याच्या खिशात होते. त्याने खिशावर हात दाबून धरला.

“कोणी कापली ही?” डॉक्टरांनी विचारलं.

सॅन्टन म्हणाला, “मना काय ठावं? मी चा प्याया गेलतो.”

“काका, घाबरू नका, फक्त सांगा,” ज्ञानदा म्हणाली.

“तिला टोचत व्हता. दोन दिस दाखवते, टोचते, टोचते. फळं कापायची सुरी व्हती इथं. गुंगीत तिनाच कापली आसंल.”

सगळ्यांनी रोझमेरीकडे पाहिलं. तिने डोळे विस्फारले, मान हलवायला गेली, आणि पाच नळ्या एकदम ओढल्या गेल्या. कळ तिच्या डोक्यात गेली. ज्ञानदाने तिचं डोकं धरलं. “राहू द्या मावशी, राहू द्या. झालं ते झालं.” झालं ते झालं! निकाल लागला आणि आरोपीच्या तोंडात नळ्या होत्या.

शेक संपला, नळ्या निघाल्या, जीभ हळूहळू जागेवर आली. ती बोबडं का होईना, बोलू लागली. पहिलं वाक्य ती सॅन्टनला काय म्हणाली असेल? “मीच कापली का रं? मना काय आठवत नाय.”

सॅन्टनने खाली बघून सांगितलं, “जाऊ दे आता.”

चूक कबूल करायला याहून सोपी वेळ देवाने कोणाला दिली नसेल. त्याने ती घालवली. आणि तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण एवढ्या वर्षांत तो खोटं बोलल्याचं तिने पाहिलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये जाऊन तिने फादरपुढे त्या पापाची कबुलीसुद्धा दिली. दुसऱ्याच्या पापाची. घरी सॅन्टनची थोरली बहीण मार्था येई आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर तेच तोंडी लावी: “डाक्टरांनी यवढं केलं, न् हिना हातांनी कापली. तोंडाची तशीच हाताची उतावली.” रोझमेरी खाली मान घालून ऐकायची. सॅन्टन उठून जाळ्याकडे जायचा.

मला त्याने फेकून का दिलं नाही, ते मला कळलेलं नाही. खाडी चार पावलांवर होती. त्याने मला डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वरून दोरा टाकला.

नाताळ उलटला आणि रोग परत आला. नेमका त्याच काठावर, जिथे मी असायला हवी होते. या वेळी खटाटोप नव्हता. जीभ काढली.

किनाऱ्यावर आता दुसरी बाई लिलाव पुकारते. रोझमेरी घरात सॅन्टनशेजारी बसून जाळी सांधायला लागली. तिलाही विणायचा हात होताच. एक दिवस तिचा दोरा संपला, तिने डबा ओढला, गुंडाळी उचलली आणि तळाशी मी दिसले.

तिने मला उजेडात धरलं. निळा चार. मग तिने दुसरं टोक पाहिलं, तिरकं कापलेलं. तिच्या मांडीवर सॅन्टनने विणलेलं जाळं होतं आणि त्याच्या प्रत्येक गाठीचं टोक तसंच तिरकं होतं. तिने माझं टोक एका गाठीशेजारी धरलं. मग वर पाहिलं.

सॅन्टनच्या हातातला चाकू गळून पडला. “रोझी,” तो म्हणाला, “तुला टोचत व्हता गं. मना वाटलं, उगा लोंबतंय.” तो तिच्या पायाशी सरकला. “बोल ना. शिव्या घाल. घाल ना शिव्या, रोझी!”

तिने तोंड उघडलं. सगळ्या बंदराला गप्प करणारं ते तोंड. आतून घशातला एक ओला, फाटका आवाज आला आणि लाळ हनुवटीवरून जाळ्यावर सांडली.

त्याच वेळी मार्था दारातून आत आली. रोझमेरी ताडकन उठली. मला तिने मार्थाच्या तळहातावर ठेवलं, चाकू उचलून माझ्याशेजारी ठेवला आणि सॅन्टनकडे बोट केलं. मार्थाला समजायला वेळ लागला नाही. भावाचा हात ती लहानपणापासून ओळखत होती.

मग तिने मला डब्यात टाकलं आणि म्हणाली, “मंग काय झालं? मायेनंच केलं ना त्याने?”

मित्रांनो, तिने कापली असं वाटत होतं तोवर ते पाप होतं. त्याने कापली म्हटल्यावर ती माया झाली. मार्थाने लगेच चहा टाकला, आणि भावाला पहिला कप दिला.

तुम्ही म्हणाल, नळीने शेवटी उपदेश करायलाच हवा. करते. काय लोंबतंय ते कळलं नाही तर कापू नका, आधी विचारा. कापलंच, तर त्याच दिवशी सांगा. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी दोष मारू नका. तो नाही म्हणू शकत नाही, हे ठाऊक असतं म्हणूनच तर तुम्ही मारता.

रोझमेरी अजून सॅन्टनशेजारी बसून जाळी सांधते. फक्त ती आता गाठींची शेपटं कापत नाही. सगळी लांब, लोंबती ठेवते. त्यात काटे अडकतात, जाळं फाटतं, आणि सॅन्टन ते पुन्हा विणायला घेतो.