गंगाजलात धुतलेली सुई

साल अठ्ठावन्न. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दवाखान्यात मी, रऊफ, कंपाउंडर होतो. हरिहरशास्त्री आणि मोरोपंत वकील रोज दुपारी एकाच सुईनं मॉर्फिन टोचून घ्यायचे. शेवटी वैतागून मी शास्त्र्यांना म्हटलं, "महाराज, सुटत नसन तर नका सोडू. पण सुई माह्या भगुण्यात उकळून नेत जा. एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात जाते."

"तुह्या भांड्यातलं पाणी आमाले चालत नाही," ते म्हणाले. "मी गंगाजलानं धुतो."

माझं डोकंच फिरलं. माझं पाणी चालत नव्हतं, वकिलाचं रक्त चालत होतं!

पोळ्याच्या आसपास वकील काविळीनं गेले.

महिन्याभरानं शास्त्री दवाखान्यात आले. डोळे पिवळेजर्द. कागदात गुंडाळलेली सुई काढून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या उकळत्या भगुण्यात टाकली.

"आता काहून?" मी विचारलं.

"मले तर झालीच आहे," ते म्हणाले. "पण वकिलाचा भाऊ नारायण आता याच सुईनं घेते."

मी कपाटातून दुसरी सुई काढली आणि तीही भगुण्यात टाकली.

"ही त्याची," मी म्हटलं.