तोतया आणि अडतीस विषाणू

मी वैशालीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा संगणक बोलतोय. वैशाली गाझियाबादची, दिल्लीच्या हद्दीबाहेरची. आमच्या घरची माणसं मात्र पुण्याच्या नातेवाइकांना 'दिल्लीत राहतो' असंच सांगतात.

माझा जन्म २००३ साली दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या संगणक बाजारात झाला. दुकानदाराने चार खोक्यांतून माझे अवयव काढले, स्क्रूने आवळले आणि 'बढ़िया चीज़ है, भाईसाहब' म्हणत मला श्यामकांत देवस्थळींच्या हवाली केलं. ते एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांचा मुलगा सुधन्वा इंजिनिअरिंगला होता, त्याच्यासाठी मला आणलं. श्यामकांतांच्या पत्नीने, अलकनंदाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि माझ्यावर क्रोशाचं झाकण घातलं. त्या झाकणात मला फार उकडायचं, पण मायेने घातलेलं, बोलणार काय!

पुढे सुधन्वा नोकरीला लागून गुडगावला राहायला गेला आणि मी अलकनंदाबाईंचा झालो. त्या नाटक लिहू लागल्या. आमच्या मराठी मंडळात दर गणेशोत्सवात पानिपत व्हायचं. दर वर्षी विश्वासराव पडायचे आणि दर वर्षी मागच्या रांगेतली पोरं 'इंटरवल कब होगा?' विचारायची. म्हणून २००८ साली बाईंनी तीन अंकी विनोदी नाटक लिहायला घेतलं. त्यात अकरा बायका होत्या, कारण मंडळात काम मागणाऱ्या तितक्याच होत्या. एका बोटाने अक्षर शोधत त्यांनी आठ महिने टंकलं. ते सगळं नाटक माझ्या पोटात होतं. कागदावर एक ओळ नव्हती.

माझ्या उजव्या कोपऱ्यात एक पहारेकरी बसायचा, सुधन्वाने नेमलेला खरा अँटिव्हायरस. गरीब स्वभावाचा. महिन्यातून एकदा हळूच म्हणायचा, 'मला अपडेट करा हो.' वर्षभर त्याला कुणी दाद दिली नाही. माणसांचं मला हे कळत नाही. जो हळू बोलतो त्याला ती 'नंतर' म्हणतात आणि जो ओरडतो त्याच्यासमोर उभी राहतात.

गणपतीला बारा दिवस उरले होते. श्यामकांत इंटरनेटवर आरत्यांचा संग्रह शोधत होते. एकाएकी माझ्या पडद्यावर लाल चौकट आली, वर ढालीचं चिन्ह, खाली मजकूर: तुमच्या संगणकात अडतीस विषाणू सापडले आहेत, तत्काळ कारवाई करावी.

मी सांगतो, त्या चौकटीवाल्याने तपासणी केलीच नव्हती. माझ्या घरात पाऊल टाकायच्या आधीच अडतीस मोजून मोकळा! पण माझं तोंड म्हणजे तो पडदा आणि तो त्याच्या ताब्यात गेलेला. मी बोंबलणार कुठून?

आणि श्यामकांत! तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. समोर नोटीस आली, तिच्यावर अनुक्रमांक आहेत, 'तत्काळ' हा शब्द आहे, म्हणजे कार्यवाही झालीच पाहिजे. त्यांनी चष्मा पुसला आणि 'ओके' दाबलं, रोज फायलीवर सही करतात तसं.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. माझ्या घरात शिरला तो तसलाच, अँटिव्हायरसचं सोंग घेतलेला. आल्या आल्या त्याने फर्मावलं, 'दुसरा अँटिव्हायरस काढून टाका.'

"बरोबर आहे," श्यामकांत म्हणाले. "एका पदावर दोन माणसं कशी चालतील?"

आणि माझा गरीब पहारेकरी सेवामुक्त झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाटक उघडायला घेतलं, तर तोतया आडवा आला. फाइल बाधित आहे, उघडता येणार नाही, एकोणपन्नास डॉलर भरा.

"अहो, माझं नाटक!" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "शेवटचा प्रवेश राहिलाय. रविवारी दुपारी तालीम आहे. बायकांना काय देऊ हातात?"

"घाबरू नकोस. पैसे भरू. डिमांड ड्राफ्ट कुणाच्या नावे काढायचा ते बघतो."

त्यांनी तास दीड तास तोतयाचा पत्ता शोधला. पत्ता नाही, फोन नाही, पिनकोडसुद्धा नाही. शेवटी वैतागून त्यांनी मार्केटमधल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मला उघडलंही नाही. लांबूनच म्हणाला, "फॉर्मेट मारना पड़ेगा, अंकल. सब उड़ जाएगा, पर मशीन बिल्कुल नई हो जाएगी. संडे को आता हूँ."

सगळं उडणार! माझी पाचावर धारण बसली. मला माझी काळजी नव्हती. मी कोरा होऊन पुन्हा जगलो असतो. पण त्या आठ महिन्यांचं काय? बाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि श्यामकांतांनी ते मागितलंही नाही.

मग त्यांनी, दुसरं काही येत नाही म्हणून, रजिस्टर काढलं. पट्टीने रकाने आखले आणि तोतयाची अडतीस विषाणूंची यादी हाताने उतरवून घेतली, नाव, ठिकाण, दिनांक. शुक्रवारी उतरवली. शनिवारी पुन्हा उतरवली. मला वाटलं, हा माणूस कामातून गेला.

रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि एकदम ओरडले, "अगं, इकडे ये! दोन्ही दिवशी तेच अडतीस, त्याच क्रमाने! एकही कमी नाही, एकही जास्त नाही. असं फक्त खोट्या हजेरीपटात होतं!"

मग ते वाकून माझ्या पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. "आणि हे बघ, सतरा विषाणू म्हणे 'ई' ड्राइव्हमध्ये. आपल्याकडे 'सी' आणि 'डी'. 'ई' आहेच कुठे? जी शाखाच अस्तित्वात नाही, तिच्या फायली हा मला दाखवतो?"

त्या क्षणी मला हात असते तर मी त्यांना नमस्कार केला असता.

गुडगावला फोन लागला. "बाबा, तो फेक आहे, यार!" सुधन्वा ओरडला. "पैसे नाही ना भरले? थँक गॉड. आधी इंटरनेटची वायर काढा. आता काही क्लिक करू नका. मशीन बंद करून चालू करा आणि एफ-आठ दाबत राहा. सेफ मोड येईल."

"एक मिनिट. मुद्दा क्रमांक दोन पुन्हा सांग, लिहितोय."

"बाबा, प्लीज, दाबा!"

सेफ मोड म्हणजे घरात फक्त हक्काची माणसं उठतात, बाकीची झोपलेली राहतात. तोतया गाढ झोपला होता. मुलगा सांगत गेला, बाप दाबत गेला. आधी सुरुवातीच्या यादीतून त्याचं नाव खोडलं, म्हणजे तो आपोआप उठायला नको. मग त्याचं बिऱ्हाड शोधलं आणि सगळंच्या सगळं पुसलं. शेवटी सुधन्वाच्या जुन्या सीडीवरून माझा पहारेकरी पुन्हा कामावर रुजू झाला. त्याने दोन तास घर झाडलं. विषाणू सापडले तीन. 'ई'मध्ये एकही नाही.

तेवढ्यात मेकॅनिक आला. श्यामकांतांनी त्याला चहा पाजला आणि रजिस्टर दाखवलं. तो अर्ध्या चहातच उठला.

तालमीच्या आधी नाटक उघडलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, मलाही भरून आलं. श्यामकांतांनी ते लगेच तीन प्रतींत छापून घेतलं आणि पहिल्यांदाच वाचायला बसले. त्यात एक नवरा होता, जो घरातल्या वाटाण्यांचीसुद्धा नोंद ठेवतो. श्यामकांत हसून हसून लाल झाले. "अगं, असाच एक माणूस आमच्या सेक्शनमध्ये आहे!"

"हो का?" बाई म्हणाल्या.

शेवटच्या पानावर श्यामकांतांनी पेन्सिलीने लिहिलं: 'वाचले. उत्तम. मान्य.' लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. बाईंनी ते पान अजून जपून ठेवलंय.

आता मी म्हातारा झालोय. चालू व्हायला आठ मिनिटं घेतो, पंखा खोकतो. घरात सुधन्वाने दिलेला लॅपटॉप आलाय. मला इंटरनेट नाही, आणि तेच बरं. बाई अजून माझ्याकडेच येतात, पाचवं नाटक चाललंय. तुम्हाला एकच सांगणं: लाल अक्षरात कुणी घाई केली, तर आधी त्याचा पत्ता विचारा. आणि कोपऱ्यातल्या हळू बोलणाऱ्याला वर्षभर ताटकळत ठेवू नका.

मागच्या महिन्यात भंगार नेणारा कबाडीवाला दारात आला, तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला होता. श्यामकांत उठले, क्रोशाचं झाकण बाजूला केलं आणि माझ्या कपाळावर एक चिठ्ठी डकवली. खाली सही आहे, दिनांक आहे. वर लिहिलंय: 'सेवेत आहे. निकामी समजू नये.'