गप्प झालेले ब्रेक

"पुन्हा लाव," साहेब म्हणाले.

ब्रेकपॅडच्या कारखान्यात चाचण्या घ्यायचं काम त्याचं; त्याने चाचणी यंत्राचा दांडा ओढला. फिरत्या चकतीला ब्रेकपॅड भिडले, तापत गेले, आणि चकती लालसर झाली तसा पकड दाखवणारा काटा खाली घसरू लागला.

बसना लागणारे पूर्वीचे पॅड थांब्याथांब्यावर किंचाळायचे, भराभर झिजायचे. तक्रारींना कंटाळून कारखान्याने मिश्रणात ग्रॅफाइटची भुकटी वाढवली. तिचा गुळगुळीत थर पॅड आणि चकतीच्या मध्ये बसतो. झीज कमी झाली, आवाज बंद झाला, सगळे खूश. पण घर्षण घटलं तशी पकडही घटली, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ती आणखीच ढिली पडायची.

"ठरलेल्या चाचणीत पास आहे ना," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "त्यात एवढा लांब उतार धरलेलाच नाही. मी वर बोलून पाहिलं. आता मला मीटिंगलाच बोलवत नाहीत."

यंत्र निवेपर्यंत दोघंही तिथेच उभे राहिले.

घरी थोरला भाऊ जेवायला बसला होता. तो बस चालवायचा, टेकडीवरच्या वस्तीची.

"दादा, उताराचा रूट बदलून घे."

"का रे बाबा?"

त्याने सगळं सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"आणि आम्ही डेपोत तुमचं कौतुक करतोय, ब्रेक कसे शहाण्यासारखे गप्प बसलेत म्हणून!" दादा हसला. मग हसू ओसरलं. "मी सोडला तर दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. पॅड सगळ्याच गाड्यांना तेच."

"सांगून तर बघ."

"उतारावर पकड ढिली पडते, हे डेपोत मागेच सांगितलं. पास झालेला माल आहे म्हणाले. मी खालच्या गिअरवर उतरवतो. आणखी काय करू, तूच सांग."

"काय झालं हो?" वहिनीने आतून विचारलं.

"काही नाही गं. कामाचं बोलतोय."

सुट्टीच्या दिवशी तो दादाच्या बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. बस खच्चून भरली होती. उतार लागला. वळणं आली. ब्रेक लागत होते, बिनआवाज, पण दर वळणाला दादाचा पाय थोडा अधिक खोल जात होता. दादाची मान ताठ झालेली त्याला मागून दिसत होती.

बस खाली पोचली तेव्हा चाकांपाशी करपल्याचा वास येत होता.

"उतर आता. घरी जा," दादा मागे न बघता म्हणाला.

तो उतरला नाही. पुढच्या फेरीला, उतार सुरू झाला तसा, त्याच सीटवर बसून त्याने उजवा पाय सगळा जोर लावून खाली दाबला. पायाखाली नुसता पत्रा होता.