चालू असलेल्या मोटारी

बायको गेल्यापासून मास्तरांना कशाचं काही वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही, नुसतं बधिर. मास्तर ते नावाचेच. पंख्यांच्या मोटारी किती टिकतात हे कारखान्यात तपासायचं त्यांचं काम. पण समजावून सांगायची खोड, म्हणून ते नाव चिकटलं.

चाचणीची मुदत संपली. वीस मोटारींपैकी सहा जळाल्या होत्या, चौदा अजून फिरत होत्या. मास्तरांनी त्या सहांच्या आयुष्याची सरासरी काढली आणि अहवाल साहेबांपुढे ठेवला.

"एवढ्याच टिकतात? मग वाइंडिंग विभाग बंद करू. मोटारी बाहेरून घेऊ," साहेब म्हणाले.

त्या विभागात मास्तरांची थोरली बहीण मोटारींसाठी तांब्याच्या तारा गुंडाळायची. दोघं एकाच घरात राहत.

"बरं," मास्तर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ताई दोन डबे घेऊन चाचणीच्या खोलीत आली.

"काय रे, माझ्याच पोटावर पाय?"

"आकडा कमी आला."

ताईनं टेबलावरचा अहवाल पाहिला. "मेलेल्या सहाच मोजल्यास. या चौदा काय हवा खायला फिरतायत?"

"त्यांचं आयुष्य अजून कळलेलं नाही, ताई."

"म्हणून धरायच्याच नाहीत? मग घरातली मीही त्या न धरलेल्या चौदांतलीच म्हणायची."

चालू मोटार कधी वगळू नये, ती आजवर चालली तेवढं तरी तिचं आयुष्य असतंच, हा धडा ते प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी देत. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. हात मात्र हलले. वीसही मोटारी जेवढा वेळ चालल्या तो सगळा मास्तरांनी एकत्र केला आणि, जळाल्या सहाच म्हणून, सहानं भागला. आयुष्य कितीतरी पट वाढलं.

"साहेब, चूक माझी. चालू मोटारी मी धरल्याच नव्हत्या."

"मास्तर, तुमच्याकडून?"

"हो."

साहेबांनी नवा आकडा दोनदा पाहिला. "मग राहू दे विभाग," ते म्हणाले.

मास्तर परतले तेव्हा दोन्ही डबे तसेच बंद होते.

"विभाग राहिला," ते म्हणाले. मग डब्यांकडे पाहून, "तू जेवली नाहीस?"

"रोजच थांबते. आज दिसलं होय?"

मास्तरांनी घास घेतला. चावत राहिले.

"मीठ कमी पडलंय का?"

"कळत नाही गं."

"असू दे. कळेल तेव्हा सांग."

मागे चौदा मोटारी घरघरत होत्या. चाचणी संपली होती, पण त्या बंद करायला कोणी उठलं नाही.